गुडघ्याचा ओळंबा : प्रस्तावना

“डॉक्टर, ऑपरेशन तुम्ही करणार की कॉम्प्युटर?” ओपीडीत हा प्रश्न आता रोजचा झाला आहे. विचारणारा बहुधा रुग्ण नसतो. मुलगा असतो, सून असते, हातात मोबाइल आणि मोबाइलवर कुठल्या तरी रुग्णालयाची जाहिरात. शेजारी बसलेल्या आईला वेगळंच विचारायचं असतं : जिना चढता येईल का, देवळात जाता येईल का, रात्री ठणकायचं थांबेल का. हे पुस्तक मुख्यतः मुलाच्या प्रश्नाबद्दल आहे. पण लेखकांनी आईचा प्रश्न कुठेही नजरेआड होऊ दिलेला नाही, म्हणून ही प्रस्तावना लिहायला मी एका फोनवर तयार झालो.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. ऑपरेशन सर्जनच करतो, कॉम्प्युटर मोजमाप करतो. चीर सर्जन देतो, करवत त्याच्या हातात असते, आखडलेले अस्थिबंध तोच सोडवतो आणि रोपणही तोच ठोकून बसवतो. हे सगळं चाललेलं असताना पाय रेषेत येतोय की नाही, हे अंशांत आणि मिलिमीटरमध्ये सांगत राहणं, एवढंच नॅव्हिगेशनचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या या मार्गदर्शनाचं, काम. एवढंच म्हटलं खरं, पण हे ‘एवढंच’ हाती यावं म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी कित्येक वर्षं घालवली आहेत.

आधी गुडघ्याचं थोडं सांगतो. आपल्याकडे गुडघ्याची झीज बहुतेकदा आतल्या अंगाने होते. आतली कूर्चा झिजली की पाय बाकतो. पाय बाकला की शरीराचा भार आणखी आत सरकतो आणि उरलीसुरली कूर्चाही जाते. ‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ म्हणत, तेल चोळत, पट्टे बांधत आपल्या आया-आज्या वर्षानुवर्षं काढतात. आमच्यापर्यंत येतात तेव्हा घोटे जुळवून उभं केलं तर दोन गुडघ्यांमध्ये चांगली वीतभर फट दिसते. शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक साधारण ९-१० मिलिमीटर जाडीचं कापून काढतात. मांडीच्या टोकावर कोबाल्ट-क्रोमची टोपी बसते, नडगीवर धातूची तबकडी, आणि दोहोंच्या मध्ये पॉलिएथिलीन या चिवट प्लॅस्टिकची गादी. धातू हाडाला सिमेंटने चिकटतो. वाटी पुष्कळदा रुग्णाचीच राहते, फार तर तिच्या पाठीला प्लॅस्टिकची चकती लावतात.

खरी मेख आहे ती हे काप कोणत्या कोनात द्यायचे यात. खुब्याच्या गोळ्याचा मध्य, गुडघ्याचा मध्य आणि घोट्याचा मध्य एका सरळ रेषेत यावेत, असं आम्हाला शिकवलं गेलं. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. रेषा गुडघ्याच्या मध्यातून गेली तर हा भार दोन्ही बाजूंना वाटला जातो. ती आत सरकली तर प्लॅस्टिकची एकच कड झिजते आणि तबकडीखालचं हाड बसायला लागतं. १९९१ साली जेफ्री, मॉरिस आणि डेनम या ब्रिटिश डॉक्टरांनी ११५ गुडघ्यांचा बारा वर्षांपर्यंतचा हिशेब मांडला. ज्यांची रेषा गुडघ्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यातून गेली होती त्यांच्यात रोपण सैल होण्याचं प्रमाण ३ टक्के निघालं, ज्यांची त्याबाहेर गेली त्यांच्यात २४ टक्के. या दोन आकड्यांनी एका पिढीची झोप उडवली. ‘सरळ रेषेपासून तीन अंशांच्या आत’ हा तेव्हापासून आमचा मंत्र झाला.

तीन अंश म्हणजे किती? कागदावर कोनमापक ठेवून पाहिलं तर नगण्य वाटतात. पण मांडीचं हाड धरा चाळीसएक सेंटिमीटर. खाली गुडघ्याशी दिलेला काप तीन अंशांनी चुकला, तर वर खुब्याशी रेषा दोन सेंटिमीटरने सरकते. आणि तो खुबा ऑपरेशनच्या वेळी दिसत नाही. तो मांडीच्या स्नायूंत आणि निर्जंतुक हिरव्या कापडांखाली झाकलेला असतो. न दिसणाऱ्या बिंदूकडे नेम धरून करवत चालवायची, असा हा मामला आहे.

पारंपरिक पद्धतीत हा नेम धरण्यासाठी मांडीच्या हाडाच्या पोकळीत खालून एक लांब सळई घालतात. हाडाची पोकळी ज्या दिशेने जाते तिच्याशी पाच ते सात अंशांचा कोन करून कापाचा साचा, ज्याला आम्ही जिग म्हणतो, सळईवर चढवतात. नडगीला बाहेरून साचा बांधतात आणि घोट्याचा मध्य नजरेने धरतात. ही रीत टाकाऊ मुळीच नाही. जगातले लाखो गुडघे तिच्याच भरवशावर बसले आणि बहुतेक छान चालले. १९७४ साली न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीत जॉन इन्सॉल यांनी ‘टोटल कॉन्डिलर’ हा आधुनिक गुडघ्याचा मूळपुरुष पहिल्यांदा बसवला. त्याच्या घडणीत त्यांच्याबरोबर पीटर वॉकर आणि भारतात जन्मलेले चित्तरंजन राणावत होते. राणावतांचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते ऑक्टोबर २००० मध्ये. त्यांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा बदलला, पुढच्या जूनमध्ये उजवा. या शस्त्रक्रियेबद्दलची धास्ती महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाच्या मनातून त्या दोन ऑपरेशनांनी जितकी गेली तितकी आमच्या शेकडो व्याख्यानांनी गेली नसती.

पण सळईच्या रीतीत एक गृहीत दडलेलं आहे : मांडीचं हाड सरळ आहे. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांत ते सरळ नसतं, ते बाहेरच्या अंगाला कमानीसारखं वाकलेलं असतं. सळई त्या वाकणाबरोबर जाते आणि पाच-सात अंशांचा ठरावीक हिशेब कोलमडतो. मुंबईचे डॉ. अरुण मुल्लाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आशियाई रुग्णांच्या मांडीच्या हाडांची अशी मापं घेऊन दाखवून दिलं, की पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकातला कोन डोळे मिटून वापरणं इथे धोक्याचं आहे. २००७ साली त्यांनी ४६७ गुडघ्यांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. तोही एकाच सर्जनच्या हातचा, नॅव्हिगेशन एकीकडे आणि ऑपरेशनच्या टेबलावरच एक्स-रे दाखवणाऱ्या प्रतिमादर्शकाच्या मदतीने केलेली पारंपरिक रीत दुसरीकडे. नॅव्हिगेशनच्या जागतिक चर्चेत मुंबईचं नाव आदराने घेतलं जातं ते अशा कामामुळे. या पुस्तकातलं वाकड्या हाडांवरचं प्रकरण मला सगळ्यांत सकस वाटलं. पाश्चात्त्य पुस्तकात ते एका परिच्छेदात उरकलं असतं.

आता या तंत्राचं जन्मगाव. आल्प्सच्या पायथ्याशी वसलेलं ग्रेनोबल हे फ्रान्समधलं शहर. तिथे डॉक्टर आणि गणिती यांचं आधीपासूनच गूळपीठ होतं. कंपवातासाठी मेंदूत खोलवर विद्युत्-तार बसवण्याचा आधुनिक उपचार अलीम-लुई बेनाबीद यांनी १९८७ मध्ये इथेच सुरू केला. कवटीच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या बिंदूवर अचूक पोचायचं, हा त्या कामाचा गाभा. तिथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले फिलिप सँकाँ आणि स्तेफान लावाले हे संशोधक अशाच प्रश्नांवर काम करत होते. मेंदूत जे जमतं ते हाडात का जमू नये? मेंदू मऊ, हलणारा. हाड त्यापेक्षा किती सोयीचं! त्यात खिळा रोवला की तो हलत नाही. अस्थिशल्यविशारद दोमिनिक सारागाल्या आणि त्यांचे तरुण सहकारी फ्रेदेरिक पिकार यांनी हा धागा उचलला. काही वर्षं प्रयोगशाळेत, मग मृतदेहांवर, आणि जानेवारी १९९७ मध्ये ग्रेनोबलला कॉम्प्युटरच्या मार्गदर्शनाखाली पहिला गुडघा बसला. अमेरिकेत बफेलोला केनेथ क्रॅकोही त्याच वाटेवर होते. ग्रेनोबलच्या मंडळींची मला एक गोष्ट फार आवडते. पहिल्या यशानंतर डांगोरा न पिटता त्यांनी पन्नास रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली, अर्धे जुन्या रीतीने, अर्धे नव्या, आणि निकाल २००१ मध्ये छापले. हल्ली यंत्र रुग्णालयाच्या दारात उतरतं त्याच दिवशी फ्लेक्स लागतो.

ग्रेनोबलच्या पद्धतीचं वैशिष्ट्य म्हणजे तिला सीटी स्कॅन लागत नाही. मग यंत्राला पाय कळतो कसा? हा भाग जवळून पाहण्यासारखा आहे.

रुग्णाला भूल दिलेली असते, गुडघा उघडलेला असतो. मांडीच्या हाडात आणि नडगीत प्रत्येकी दोन बारीक पिना रोवतात आणि त्यांवर एकेक चौकट बसवतात. चौकटीवर अवरक्त किरण परावर्तित करणारे, गोटीएवढे तीन-चार पांढरे गोळे असतात. टेबलापासून काही फुटांवर एका दांड्यावर कॅमेरा असतो, शेजारी-शेजारी दोन डोळ्यांचा. माणसाला दोन डोळ्यांमुळे खोली कळते, तशीच त्यालाही कळते. चौकट हाडाला घट्ट असल्यामुळे ती हलली म्हणजे हाड हललं, असा सरळ हिशेब. मग सर्जन रुग्णाची मांडी धरून खुब्यातून गोल-गोल फिरवतो. आधी लहान वर्तुळ, मग मोठं. प्रत्येक क्षणी चौकट हवेत एका ठिकाणी असते आणि ही सगळी ठिकाणं एका गोलाच्या पृष्ठभागावर पडतात, कारण मांडी खुब्याभोवतीच फिरू शकते. गोलाचे पुरेसे बिंदू मिळाले की त्याचा मध्य गणिताने काढता येतो. तो मध्य म्हणजे खुब्याचा मध्य. न पाहता, न कापता, न एक्स-रे काढता. मी स्वतः हे अनेकदा केलं आहे, आणि पडद्यावर तो ठिपका उमटला की शाळेतल्या भूमितीच्या बाईंची आठवण होते.

पुढचं काम अधिक हातावर आहे. टोकदार पॉइंटरने आतला घोटा, बाहेरचा घोटा, नडगीचा माथा, मांडीच्या हाडाची दोन्ही बाजूंची उंचवट्याची टोकं असे बिंदू एकेक करून यंत्राला ‘दाखवायचे’. पायाखालचं पेडल दाबलं की बिंदू नोंदला जातो. मधूनच पडदा रुसतो. गोळ्यावर रक्ताचा शिंतोडा उडालेला असतो, किंवा सिस्टर ट्रे द्यायला कॅमेऱ्याच्या आणि पायाच्या मध्ये येऊन उभ्या राहिलेल्या असतात. गोळा पुसायचा, सिस्टरांना एक पाऊल मागे सरकायला सांगायचं, पुन्हा पेडल. यात सुरुवातीला वीस-एक मिनिटं जास्त जातात, हात बसल्यावर कमी. मग कापाचा साचा हाडावर धरला की पडद्यावर आकडे नाचू लागतात : आत अर्धा अंश, पुढे दोन अंश, जाडी नऊ मिलिमीटर. आकडे जुळले की साचा पक्का करायचा, करवत चालवायची आणि कापलेल्या पृष्ठभागावर चपटी पट्टी ठेवून प्रत्यक्ष काप कसा झाला ते पुन्हा तपासायचं. करवतीचं पातं लवतं, टणक हाडावर निसटतं. साचा बरोबर असूनही काप एक-दीड अंशाने चुकू शकतो, हे आमच्यापैकी अनेकांना पहिल्यांदा या पट्टीने सांगितलं.

या तंत्राचा सगळ्यांत मोठा उपयोग मला इथेच दिसतो. जाहिरातीत तो कधी नसतो. पूर्वी सर्जनला आपली चूक कळायची ती काही आठवड्यांनी, उभं करून काढलेल्या लांब एक्स-रेत. तोवर हाड कापलेलं, सिमेंट वाळलेलं आणि ऑपरेशनच्या वेळी नेमकं काय केलं होतं ते विसरलेलं. इथे चूक त्याच मिनिटाला दिसते आणि त्याच मिनिटाला सुधारता येते. शिकणाऱ्या डॉक्टरला यासारखा गुरू नाही. एक अस्थिबंध थोडा सोडवला की पाय किती अंशांनी उघडला, गुडघा वाकवल्यावर फट किती आणि सरळ केल्यावर किती, हे डोळ्यांसमोर आकड्यांत दिसतं. काही वर्षं नॅव्हिगेशनवर काम केलेला सर्जन पुन्हा साध्या साच्यांवर आला तरी त्याचा हात पहिल्यापेक्षा बरा असतो, असा माझा अनुभव आहे.

मात्र यंत्र दाखवलेल्या बिंदूंवरच विश्वास ठेवतं. उंचवट्याचं टोक पॉइंटरने चार मिलिमीटर इकडे-तिकडे दाखवलं, तर यंत्र कुरकुर करत नाही. ते चुकीचं उत्तर दशांश चिन्हासह देतं. रोपण स्वतःभोवती किती फिरवून बसवायचं, या बाबतीत नॅव्हिगेशन अजूनही तितकं खात्रीचं नाही ते यामुळेच. पिनांच्या जखमा वेगळ्या दुखतात, क्वचित चिघळतात. आणि अगदी थोड्या रुग्णांत पिनेच्या भोकातून काही आठवड्यांनी हाड मोडतं. संमतिपत्रावर सही घेताना ही गोष्ट सांगितली गेली पाहिजे, आणि बहुतेक ठिकाणी ती बारीक अक्षरांत हरवते.

मग निकाल काय? पायाच्या रेषेबद्दल वाद राहिलेला नाही. २००७ साली २९ अभ्यासांचा एकत्रित हिशेब झाला. त्यात पारंपरिक रीतीने केलेल्या गुडघ्यांपैकी ३१.८ टक्के तीन अंशांच्या मर्यादेबाहेर होते, नॅव्हिगेशनने केलेल्यांपैकी ९ टक्के. इथवर सगळं ठीक. पण रेषा हे साधन आहे. रुग्णाला हवा असतो न दुखणारा, टिकणारा गुडघा, आणि तिथे चित्र इतकं लख्ख नाही. कोरियात यंग-हू किम आणि सहकाऱ्यांनी फार सुंदर प्रयोग केला. दोन्ही गुडघे बदलायचे असलेले ५२० रुग्ण घेतले आणि प्रत्येकाचा एक गुडघा नॅव्हिगेशनने, दुसरा साध्या रीतीने केला. माणूस तोच, वजन तेच, रोजची चाल तीच. सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करून २०१२ मध्ये त्यांनी लिहिलं, की दोन्ही गुडघ्यांच्या कामात आणि टिकण्यात फरक सापडला नाही. उलट ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीने २०१५ मध्ये वेगळं सांगितलं. तिथे २००३ ते २०१२ या काळात नॅव्हिगेशनने झालेल्या ४४ हजारांहून जास्त शस्त्रक्रिया तपासल्या. पासष्टीच्या आतल्या रुग्णांत नऊ वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण नॅव्हिगेशनने ६.३ टक्के, त्याशिवाय ७.८ टक्के आलं. फरक लहान आहे, पण तरुण, जास्त चालणाऱ्या रुग्णासाठी तो खोटा नाही. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. एका निष्णात सर्जनच्या हातात यंत्राने फार भर पडत नसेल, आणि शेकडो कमी-जास्त हातांच्या देशभरच्या कामात ते ढोबळ चुका टाळत असेल.

या चर्चेला खरी कलाटणी मिळाली ती मात्र यंत्राच्या बाहेरून. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या परात, पॅग्नानो आणि इतरांनी ३९८ गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा ताळेबंद मांडला. तीन अंशांच्या आत बसलेले आणि बाहेर राहिलेले यांच्या टिकण्यात त्यांना फरक दिसला नाही. म्हणजे १९९१ च्या मंत्रालाच सुरुंग. दोन वर्षांनी बेल्जियमच्या योहान बेलेमान्स यांनी गुडघ्याची काहीही तक्रार नसलेल्या २५० तरुणांचे पाय मोजले. पुरुषांत ३२ टक्के आणि स्त्रियांत १७ टक्के जणांचे पाय मूळ घडणीनेच तीन अंश किंवा त्याहून जास्त बाकलेले निघाले. अशा माणसाचा पाय ऑपरेशनमध्ये काठीसारखा सरळ केला, तर आपण तो दुरुस्त केला की त्याच्या अस्थिबंधांना आयुष्यात कधी ठाऊक नसलेल्या ताणात बसवलं? कॅलिफोर्नियाचे स्टीफन हॉवेल तर मूळचा पाय जसा होता तसाच परत मिळवावा असं आग्रहाने सांगतात. नॅव्हिगेशन हा गवंड्याचा ओळंबा आहे. भिंत किती कललीय ते तो बिनचूक दाखवतो, ती कुठे आणि कशी उभी करायची ते घर बांधणाऱ्यानेच ठरवायचं असतं. गंमत अशी, की हा ओळंबा हाती आल्यानंतरच रेषेच्या मुक्कामाबद्दल इतक्या बारकाईने भांडता येऊ लागलं. मोजताच येत नव्हतं तोवर एक अंश की तीन, हा वाद घालण्यात अर्थ नव्हता.

रोबोंबद्दल थोडक्यात, कारण पुस्तकातही ते थोडक्यातच आहेत आणि ते योग्य आहे. १९९२ साली कॅलिफोर्नियात रोबोडॉकने खुब्याच्या हाडात पहिल्यांदा माणसावर काम केलं, तेव्हापासून ही जात वाढत गेली. आज गुडघ्यासाठी जे रोबो आहेत त्यांचे डोळे म्हणजे हेच कॅमेरे, हेच गोळे, ह्याच पिना. काहींना आधी सीटी स्कॅन लागतो. फरक हाताचा : ठरवलेल्या सीमेबाहेर पातं गेलं तर रोबो ते अडवतो. त्यामुळे नॅव्हिगेशन समजलं की रोबो पाऊण समजला. ‘रोबोटिक’ हा शब्द फ्लेक्सवर जितका मोठा, तितका खर्चाच्या अंदाजपत्रकात त्याचा आकडा नीट वाचावा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरवली. आधी तोच सरासरी दीड लाखाच्या पुढे विकला जात होता. रोपणावरची कमाई आटल्यावर बाजाराचं लक्ष तंत्रज्ञानाच्या शुल्काकडे वळलं, असं माझं मत आहे. तंत्रज्ञान वाईट नाही. पण कशासाठी किती पैसे, हे विचारणं रुग्णाचा हक्क आहे.

लेखकांशी माझं एका ठिकाणी जमत नाही. प्रत्येक गुडघा नॅव्हिगेशननेच व्हावा असं त्यांना वाटतं. माझ्या मते काही रुग्णांसाठी त्याला पर्याय नाही. मांडीचं हाड वाकलेलं असेल, जुन्या फ्रॅक्चरची प्लेट किंवा रॉड आत असेल आणि सळई घालायला वाटच नसेल, विकृती फार मोठी असेल, तर नॅव्हिगेशन असलेल्या ठिकाणीच जावं. वय कमी असेल तर आग्रह धरावा. पण सरळ हाडाच्या, सत्तरी ओलांडलेल्या आजींना तालुक्याच्या गावी, शेकडो गुडघे केलेला अनुभवी सर्जन साध्या साच्यांनी ऑपरेशन करून देत असेल, तर केवळ यंत्रासाठी त्यांना मुंबई-पुण्याला नेऊन कर्जात पडू नये. जंतुसंसर्ग टाळणारं थिएटर, साखर आटोक्यात, दुसऱ्याच दिवशी उभं करणारा फिजिओथेरपिस्ट आणि घरी व्यायाम करून घेणारं माणूस यांचं पारडं पुष्कळदा यंत्रापेक्षा जड भरतं. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातला एक रुग्ण मनासारखा समाधानी नसतो, हे कॅनडातल्या मोठ्या पाहणीतही दिसलं आहे. त्यातल्या कित्येकांच्या एक्स-रेत काहीच चूक सापडत नाही. मांडी घालून बसायची अपेक्षा, पाठीतून उतरणारं दुखणं, उत्तम ऑपरेशन होऊनही आखडलेला सांधा, ही कारणं कॅमेऱ्याच्या टप्प्यात येत नाहीत. लेखकांनी हे एका पानात म्हटलंय, मला तीन पानं हवी होती.

भाषेबद्दल मात्र त्यांना दाद दिली पाहिजे. वैद्यकीय मराठी एक तर संस्कृतच्या ओझ्याने वाकते, नाही तर इंग्रजी शब्दांची नुसती रांग होते. इथे खुबा, नडगी, घोटा, गादी आहे, आणि जिथे डॉक्टरही जिग आणि पिनच म्हणतात तिथे जिग आणि पिनच आहे. आकृत्या साध्या आणि मोठ्या आहेत, चष्मा न लावता वाचता येतील अशा.

शेवटच्या प्रकरणात डिस्चार्जच्या वेळी मागून घ्यायच्या कागदांची यादी आहे. ती कापून फाइलला लावावी. खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभं राहून काढलेला लांब एक्स-रे, ज्याला एक्स-रे विभागात स्कॅनोग्राम म्हणतात, ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा, दोन्ही. नॅव्हिगेशन वापरलं असेल तर यंत्राने छापलेला अहवाल, त्यात शेवटचा कोन आणि फटी नोंदलेल्या असतात. आणि रोपणाच्या खोक्यावरचे स्टिकर. त्यावर कंपनी, साइज आणि लॉट नंबर असतो. पंधरा-वीस वर्षांनी प्लॅस्टिकची गादी बदलायची वेळ आली, तर तेव्हाच्या सर्जनला नेमकी कोणत्या मापाची गादी मागवायची ते या स्टिकरवरून पाच मिनिटांत कळतं. स्टिकर नसेल तर त्याला एक्स-रे लावून अंदाज बांधत, कंपन्यांना फोन करत बसावं लागतं.